लग्नाच्या अलीकडे

ऑगस्टातली, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातली झिमझिम, हाडं गारठवणारी. मोन्तेविदेओतल्या आमच्या गल्लीतल्या बेकरीत मी रांगेत उभी होते आणि फळीवरच्या रेडिओवर माझीच गोष्ट चालू होती. साप्ताहिकासाठी प्रेमकथा लिहायचे मी; त्या रेडिओवरही वाचल्या जायच्या. दर आठवड्याला एक लग्न लावून द्यायचे. पण त्या दिवशी नायिका कोट घालून दाराशी उभी राहिली... आणि वाचन संपलं. लग्न झालंच नाही!  रांगेतल्या एकीने हळूच डोळे टिपले.

"कोणी कापली माझी गोष्ट?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मी," मागून तोच रेडिओवरचा आवाज आला. भिजलेला मफलर, दमलेले डोळे. "कालच वाचून रेकॉर्ड करून ठेवली. रागावलात?"

"शेवट कुठं टाकलात?"

"लग्न म्हणजे शेवट, हे कोणी सांगितलं तुम्हाला? माझं झालं होतं. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली... आणि भलतीकडेच गेली."

मला हसू फुटलं. रागात हसू येणं फार वाईट.

फेर्मीन त्याचं नाव. मग समुद्राकाठच्या रस्त्यावर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या — एकाच भांड्यातला कडू माते, आमचा पानांचा चहा, एकाच नळीने.

"तुझ्या गोष्टींतली माणसं भांडी कधी घासतात गं?" तो चिडवायचा.

"दिवसभर राबून लोक गोष्ट ऐकतात रे. शेवटी तरी कोणी कोणाचा हात धरू दे की!"

 त्याने माझा हात धरला — आणि सोडायला विसरला.

वसंतात त्याची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इकडेच राहायला या ना." घटस्फोटानंतर ती आईजवळ, सालतोला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होती.

"चल माझ्याबरोबर, एउलालिया."

माझी आई अंथरुणाला खिळलेली. "कशी येऊ?"

"मग... मी थांबू?"

"नको. थांबलास तर एक दिवस माझ्यावरच चिडशील."

माझ्या एकाही नायिकेने असं उत्तर दिलं नसतं.

तो गेला. पण अधूनमधून एखाद्या शनिवारी येतो, अर्धा दिवस बसमध्ये काढून. संपादक कुरकुरतात, "हल्ली तुझ्या गोष्टींत कोणाचंच लग्न का होत नाही?" मी म्हणते, "सवड कुठंय त्यांना?"

गेल्या शनिवारी दुपारी तो आला तेव्हा मी सूप चढवलं होतं.

"एउलालिया, तुझ्यावाचून मला —" एवढंच म्हणाला आणि बुटांसकट सोफ्यावर झोपून गेला.

मी बूट काढले, पायांवर शाल टाकली, क्षणभर शेजारी टेकले. आदली रात्र मी आईच्या उशाशी जागून काढली होती. डोकं आपसूक त्याच्या खांद्यावर गेलं.

आतून आईने विचारलं, "आला का गं तो?"

"आला."

"किती दिवस?"

"उद्यापर्यंत."

स्वयंपाकघरात सूप उतू गेलं. ऐकू आलं मला. पण मी उठले नाही.