डिकीवरचे दोन दिवे

रविवारी दुपारी नॅडीन केचम आली तेव्हा व्हर्लिन स्ट्राउड पोर्चमध्ये बसून पुडिंगसाठी पर्सिमनच्या फळांचा गर चाळत होता. सोमवारी गावाबाहेरची शर्यतीची जुनी धावपट्टी उखडायला यंत्रं येणार होती. त्याआधी एकदा तुमच्या गाडीतून तिथं चक्कर मारू या, असं तिचं म्हणणं होतं. व्हर्लिनला गुडघ्याचं निमित्त सांगता आलं असतं, पण बर्ल केचमच्या मुलीला नाही म्हणायचं तोंड त्याला नव्हतं. त्यानं हात धुतले आणि किल्ली घेतली.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती. पांढरी, बॉनेटवर नारिंगी पट्टे, वरून उघडी. इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढं धावायला एके साली जी गाडी निवडली होती, तिच्यासारख्या मोजक्याच गाड्या कारखान्यानं विकायला काढल्या. त्यातली एक गावच्या धावपट्टीनं घेतली, डिकीवर दोन पिवळे दिवे बसवले आणि व्हर्लिनच्या हाती दिली.

"बायकोपेक्षा हिलाच जास्त पुसलंत तुम्ही," नॅडीन बसता बसता म्हणाली.

"बायकोला पुसायला गेलो असतो तर मार खाल्ला असता."

ती हसली. बापासारखंच, एका बाजूनं. व्हर्लिननं नजर रस्त्यावर वळवली.

त्याचं काम साधं होतं. शर्यतीत अपघात झाला की दिवे लावून सगळ्यांच्या पुढं यायचं. मग सगळ्या गाड्या त्याच्यामागं रांगेत, गुमान. पुढं जायची कुणाची बिशाद नव्हती. रस्ता साफ झाला की त्यानं दिवे विझवायचे आणि ती चक्कर संपताना बाजूच्या पिटच्या गल्लीत, गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथं, वळायचं. तो वळला की मचाणावरच्या निशाणवाल्यानं हिरवं निशाण दाखवायचं. निशाणवाला म्हणजे बर्ल.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी बर्लनं दिवे चालू असताना हिरवं निशाण दाखवलं आणि तिसऱ्या वळणावर सांडलेलं तेल झाडणारा रॉस्को गाड्यांखाली गेला, असं गाव मानत होतं. बर्लनं पुन्हा निशाण हातात धरलं नाही. हळूहळू त्यानं गावात जाणंही सोडलं. पण बर्ल चुकला नव्हता, आणि हे जगात एकट्या व्हर्लिनला माहीत होतं.

आभाळ भरून आलं होतं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. फटीफटीतून गवत उगवलेल्या डांबरावर गाडी चढली आणि व्हर्लिनच्या बोटांनी सवयीनं दिव्यांचं बटण दाबलं.

"बाबा शेवटी शेवटी मला ओळखायचे नाहीत," नॅडीन म्हणाली. "पण एकच विचारायचे. दिवे चालू होते का गं? माझे डोळे इतके कसे फसले? मी काय सांगणार? मी नऊ वर्षांची होते."

दुसरं वळण घेताना व्हर्लिनला मागून घरघर ऐकू आली. एका इंजिनाची नव्हे, पुष्कळ इंजिनांची, दाबून धरलेली. जळक्या रबराचा आणि तेलाचा वास आला. त्यानं आरशात पाहिलं. मागं रस्ताभर धूळ होती आणि धुळीत दोन-दोनच्या जोड्यांनी काहीतरी येत होतं. तो भ्याला. वेग वाढवला तर त्यांनीही वाढवला, कमी केला तर त्यांनीही केला. पुढं मात्र कुणी आलं नाही.

पिटची गल्ली आली, पण दिवे चालू असताना वळायचं नसतं. तो तसाच पुढं गेला.

"एकच चक्कर म्हणालो होतो ना आपण, काका?"

"नॅडीन... दिवे बंद होते."

ती वळून त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं सगळं सांगितलं. अपघाताची गाडी ओढणारा ट्रक बाहेर पडला. झाडणारा नेहमी त्याच ट्रकच्या पायरीवर उभा राहून जायचा, म्हणून त्यानं दिवे विझवले. तिसऱ्या वळणावर पोचला तर रॉस्को तिथंच, तेलावर भुसा टाकत असलेला. विझवलेले दिवे पुन्हा लावले की बाकांवरचे लोक हुर्यो करायचे. एवढ्यात होईल तो बाजूला, असं म्हणून व्हर्लिन पिटमध्ये वळला. दिवे त्यानं नंतर लावले, तो आवाज झाल्यावर, आणि आधीपासून लावलेले होते, गाडी तापली म्हणून वळलो, असं सांगितलं. बर्लच्या आणि बाकांवरच्या लोकांच्या डोळ्यांवर त्या वेळी सूर्य होता. बर्लला शपथेवर काही सांगता येईना.

"हुर्यो केली असती म्हणून?" नॅडीननं विचारलं.

"हो."

त्याला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून त्यानं ते गिळलं. दिवे विझवून तो गल्लीत वळला आणि थांबला. मागची घरघर पुढं निघून गेली नाही. ती तिथंच थांबली.

नॅडीन उतरली आणि बापाच्या मचाणाच्या गंजलेल्या शिडीवर चढली. कठड्याशी ती बराच वेळ उभी राहिली. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"काका... दिवे लावा."

"का?"

"तिसऱ्या वळणावर कुणीतरी झाडतंय."

घरघर एकदम वाढली. व्हर्लिननं दिवे लावले आणि गाडी पुन्हा धावपट्टीवर घातली. मागची रांग मुकाट्यानं मागं आली. तिसऱ्या वळणावर त्याला कुणी दिसलं नाही, पण डांबरावर घासणारा खराटा त्यानं कानांनी ऐकला. मचाणावर नॅडीननं तळहात उभा धरला होता. म्हणजे, रांग अडवून ठेवा. त्यानं दुसरी चक्कर घेतली, मग तिसरी. तिचा हात खाली येईपर्यंत दिवे विझवायचे नाहीत, हे तिनं सांगायची गरज नव्हती. या वेळी तो वाट बघणार होता, आणि त्याचं त्याला बरंही वाटत होतं.

बाराव्या चक्करीला पेट्रोलचा काटा तळाला टेकला. नॅडीनचा हात अजून वरच होता.