हबचा दोष नव्हता

शेडात आलायसा तर बसा. पन मधी हसायचं न्हाई, आदीच सांगून ठेवतो. आपला वसीम, तासगावात ऑनलाइनची कामं करतो त्यो, त्याच्यासंगट घडल्यालं हाय हे.

तेवीस साल. नोव्हेंबरची तीस तारीख, गुरुवार. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिस. रातच्याला साडेनवाला विश्वजीतचा फोन. "वसीम, आमचं आण्णा आजारी हायती. घरी येऊन अंगठा घे." आण्णा म्हंजी सुभेदार नानासो. लय सरळ मानूस. एका खोट्या सहीपायी सख्ख्या भावाशी जलमभर बोलला न्हाई.

वसीमनं लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आन वायरी जोडायचा यूएसबी हब पिशवीत टाकला. त्या हबची तऱ्हा सगळ्यांस्नी ठावं. चार भोकं, दोन मेल्याली. वायर लावली की टुंग वाजायचं, जरा धक्का लागला की मशीन गायब. नवा घे म्हनलं की वसीम म्हनायचा, "चाललंय की तात्या!" रबर गुंडाळून चालवायचा गडी.

खोलीत उदबत्त्यांचा वास. आण्णा पलंगावर, गळ्यापतुर मिल्ट्रीचं ब्लँकेट. "गोळी दिलीया, झोपल्यात," विश्वजीत म्हनला आन बापाचा हात भाईर काढला. हात गार. थंडीचं दिस, वसीमला काय वाटलं न्हाई.

टुंग. मशीनचा लाल दिवा लागला. अंगठा टेकवला... दिवा गेला.

वसीमनं हबला शिव्या घातल्या. भोक बदललं, वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. सोताचा अंगठा ठेवला, मशीननं घेतला. आण्णांचा ठेवला... गेला. शेवटाला हबच काढला आन मशीन थेट लॅपटॉपला जोडलं. अकरा चाळीस झालं व्हतं.

टुंग. दिवा. आण्णांचा अंगठा...

गेला.

आता तर हब बी मधी न्हवता. वसीमनं आण्णांच्या छातीकडं पायलं. लय येळ पायलं.

"दादा... कवापासनं?"

विश्वजीत रडायलाच लागला. "दुपारपासनं. आई बी न्हाई रं, पेन्शन आजच थांबती. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. एकदा लाव. तुज्या पाया पडतो." बापाचा हात त्यानं सोडला न्हवता.

वसीमनं वायर उपसली. मशीन हातात. वायर लोंबतीया.

दिवा लागला.

टुंग...

विश्वजीत हात वढाया लागला. बापाची मूठ मिटली व्हती... तेच्या अंगठ्यावर.

दोघांनी मिळून सोडवली. कशी, ते वसीम आजून सांगत न्हाई. दाखला झाला न्हाई. पोरगी शिक्षान सोडून कुपवाडला कामाला जाती.

परवा रेशनच्या दुकानात विश्वजीत माज्या म्होरं व्हता. अंगठा ठेवला, मशीन बंद. मी ठेवला, झ्याक चाललं. म्हनलं, "दाव रं बगू."

दावला त्यानं.

अंगठ्यावर एकबी रेघ न्हाई... नदीतल्या गोट्यागत गुळगुळीत.