नाव सुचवायचं होतं

"नाव नगं घेऊ बाई, नावाला गं लागं वारा,
मुठीमंदी झाकियेला, काजव्याचा माझा तारा..."

जात्याच्या घरघरीवर तरंगत येणारा हा आवाज विजयमालाच्या आत्याचा. ठमाआत्या शेळगावला माहेरपणाला आली की दळणाला तीच बसे, आणि परकरी विजयमाला तिच्या मांडीवर डोकं टेकून पडून राही. एकदा तिनं विचारलं होतं, "आत्या, मामांचं, तुझ्या मालकांचं, नाव काय गं?"

खुंट्यावरचा हात थांबला. आत्या गालातल्या गालात हसली.

"नाव घ्यायचं नसतं, बाय. वारा लागतो."

आणि जातं पुन्हा फिरू लागलं.

पुढं आत्या वारली. गावात पिठाची गिरणी आली. विजयमाला सातवीची फायनल पास झाली, आणि ती ओवी विसरूनही गेली. निदान तिला तसं वाटत होतं.

छप्पन साली, श्रावणातल्या एका सकाळी, ती शेळगावच्या फाट्यावर बारामतीच्या एस.टी.ची वाट बघत उभी होती. आभाळात ऊन-सावलीचा खेळ चालला होता. इंदापूरकडचा पाऊस म्हणजे घाईतला पाव्हणा. उंबऱ्यातच पाणी पितो अन् निघतो. तसाच तो आला, तिचा खांदा भिजवून गेला, आणि मागोमाग गाडी आली.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराजवळच्या बाकावरचा एक तरुण उठला.

"बसा तुमी. पण येवढं मांडीवर घ्यावं लागंल."

त्यानं पुढं केलेलं ओझं पाहून ती थबकली. जाड कापडाची झोळी, वर लोखंडी कडी, आत काहीतरी जड गुंडाळलेलं. तिनं ते अलगद मांडीवर घेतलं.

"पाळणा हाय?"

"पाळणाच म्हणायचा."

नवा बाप झालेला दिसतोय... बायको माहेरी बारामतीला असणार. असा विचार करून तिनं मोकळेपणानं विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"दोन्ही."

"अगंबाई, जुळं?"

पुढच्या बाकावरच्या दोन बायका माना वळवून बघायला लागल्या. तरुणाचे कान लाल झाले.

"जुळं न्हाय हो. तालुक्यातली समदी हायत. अजून मोजायची ऱ्हायलीत."

"काय ऱ्हायलीत?"

"मोजायची. त्यात तराजू हाय. पोरं तोलायचा." त्यानं हळूच हसू दाबलं. "माझं नाव महिपती. पळसदेवचा. लगीन न्हाय झालं अजून, तवा पाळणा परक्याच्याच पोरांचा."

विजयमालानं तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर ऊन पडलं होतं, पण गाल तापले ते उन्हानं नव्हे.

"मी विजयमाला," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मीबी त्याच कामाला निघालेय. बारामतीच्या केंद्रात. आज पहिलाच दिवस."

"मग ऱ्हाऊ द्या मांडीवरच," तो म्हणाला. "बारामतीलाच द्यायचाय."

*

ते केंद्र होतं देशोदेशींनी मिळून काढलेल्या एका माता-बाल आरोग्य मंडळाचं. बारामतीला एक, इंदापूरला एक. लोक त्यांना नुसतं 'पावडरवाले' म्हणत, कारण डब्यातल्या पावडरीचं दूध करून ते गावोगावच्या पोरांना पाजत. साहेबलोक वर्षातून एखाद्या वेळी येत. रोजचं काम करत ते उमेदवार. वर्षभर बिनपगारी शिकायचं, राबायचं, आणि शेवटी मंडळाचा दाखला मिळाला की आरोग्यसेविकेची नोकरी.

विजयमालाच्या वडिलांनी, आबाजींनी, निघताना निक्षून सांगितलं होतं, "दाखला घेऊन आलीस तर नोकरी कर, मी आडवा येनार न्हाय. पर मोकळ्या हातानं आलीस, तर आमी म्हणू तितं अक्षता."

ती जीव लावून शिकली. पहिल्याच गावी आया पोरांना तराजूत घालू देईनात. तोललेल्या पोराला नजर लागते म्हणे. विजयमालानं चुलीतली काजळी बोटावर घेतली आणि तराजूच्या आकड्यांच्या गोल तबकडीला एक टपोरी तीट लावली. "आता नजर लागली तर ह्याला लागंल, पोराला न्हाय." बायका हसल्या, आणि पोरं झोळीत झोके घ्यायला लागली.

बाजाराच्या दिवशी पावडरीचे डबे न्यायला महिपती इंदापूरच्या केंद्रातून येई. तिथला तो उमेदवार. तीट बघून तो बराच वेळ तबकडीसमोर उभा राहिला.

"काय शेळगाव, तराजूचंबी बारसं केलं का?"

"केलं. पण इंदापूरला आवतान न्हवतं."

"मग घुगऱ्या तरी ठेवायच्या."

"दुधातल्या गाठी हायत की. त्या घ्या."

असं ते बोलणं. तो तिला 'शेळगाव' म्हणे, ती त्याला 'इंदापूर'. पावडर चाळताना दोघांच्या भुवया पांढऱ्या होत. मग तो तिच्याकडं बघून म्हणे, "म्हातारपणी अशा दिसाल," आणि ती म्हणे, "बघायला तुमी कशाला असाल तितं?" मग दोघंही खाली बघून चाळायला लागत. चाळणीचा तेवढा आवाज येत राही, सर-सर, सर-सर.

केंद्रातल्या दुसऱ्या उमेदवार सिंधुबाई तिच्याहून वयानं थोराड, दोन लेकरांची आई. विजयमाला त्यांच्याच घरी राहत होती. एकदा डबे मोजून रचताना त्या सहज म्हणाल्या, "आपल्या केंद्रातल्या सर्जेरावाला तू सर्जेभाऊ म्हणतीस. शिपायाला दादा म्हणतीस. ह्या इंदापूरवाल्याला काय म्हणतीस गं?"

"काय म्हणजे? इंदापूर."

"भाऊ का म्हणत न्हाईस?"

"...सुचलं न्हाय."

"आन् नाव?"

विजयमाला डब्याचं झाकण उगाच पुन्हा बसवत राहिली. सिंधुबाई हसल्या आणि पुढचा डबा उचलला.

*

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, आणि मंडळाच्या पुण्याच्या कचेरीतून हुकूम आला. लांबच्या गावी मुक्काम करावा लागतो, बायकांच्या मुक्कामाची सोय नाही, सबब दिवाळीनंतर स्त्री-उमेदवारांचं काम बंद.

त्या दुपारी विजयमाला कालव्याच्या काठी जाऊन बसली. पाटाचं पाणी संथ चाललं होतं, वर बाभळीची पिवळी फुलं तरंगत होती. महिपती आला आणि चार हात अंतर ठेवून बसला.

"मुक्कामाच्या गावी पत्र्याच्या खोलीत डबं ठेवायला जागा हाय," ती म्हणाली, "आमाला न्हाय."

"बोलायला पायजे."

"कुणी? मी एकलीनं?"

"एकल्यानं बोललं की ते गाऱ्हाणं व्हतं. समद्यांनी मिळून बोललं की ते म्हणणं व्हतं." तो पाण्याकडं बघत होता. "संघ करू. उमेदवारांचा. बारामती, इंदापूर, दोन्हीकडचा मिळून. मंडळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पाडव्याच्या आधी हितं येणार हायत. त्यांच्यापुढं म्हणणं मांडू."

"तुमाला काय त्याचं? तुमची उमेदवारी चाललीय की सुखात."

महिपतीनं एक फूल उचललं, पाण्यात सोडलं.

"सुखात कशाची," तो म्हणाला, आणि दुसरं फूल उचललं.

*

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. दूर देशच्या, उंच, उन्हानं नाक सोललेल्या. दुभाष्याकरवी त्यांनी सांगितलं, "वीस माणसांचं वीस तऱ्हेनं मी ऐकू शकत नाही. संघ केला आहे ना? मग दोन्ही केंद्रांना मान्य असलेला एक माणूस पाठवा. मी जेवण करून निघणार आहे."

केंद्रामागच्या लिंबाखाली सभा बसली. अध्यक्ष म्हणून मोहनरावांना बसवलं. ते केंद्राचे कंपाउंडर, पूर्वीचे मास्तर, आणि नियमाला फार घट्ट. त्यांनी नियमच घातला, "प्रतिनिधी ज्या केंद्राचा, त्याचं नाव दुसऱ्या केंद्राच्या माणसानं सुचवायचं. म्हंजे मागनं कुरबूर नको. सुचवणारानं उभं राहून सगळ्यांना ऐकू येईल असं नाव घ्यायचं. दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं."

इंदापूरच्या माणसांनी महिपतीकडं बघितलं. प्रश्न नव्हताच. राहिलं बारामतीनं सुचवायचं.

सर्जेरावाच्या मनात स्वतःचं नाव यावं असं होतं; बायका भर सभेत बोलायला उभ्या राहणार नाहीत, असा त्याचा हिशोब. तो पाय पसरून म्हणाला, "बायकांचा प्रश्न हाय. बायकांनीच सुचवावं. आमी गडीमानसं गप बसतो."

"बरोबर हाय," सिंधुबाई लगेच म्हणाल्या. "अनुमोदन माझं. आत्ताच सांगून ठेवते. सुचवंल विजयमाला."

"सिंधुताई..." विजयमाला कुजबुजली, "उलटं करा की. मी अनुमोदन देते."

"माझं बोलून झालं बाई. दिलेलं अनुमोदन माघारी घेत न्हाईत. व्हय ना मास्तर?"

"घेत नाहीत," मोहनराव गंभीरपणे म्हणाले. "उठा, विजयमालाबाई."

ती उठली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी... इंदापूरच्या केंद्राचं... ते..."

"नाव, बाई."

"पळसदेवचे हायत ते. डबं न्यायला येतात."

"इंदापूरचे तिघं डबे न्यायला येतात. नाव घ्या."

तिनं तोंड उघडलं. चार अक्षरं. एस.टी.त पहिल्या दिवशी ऐकलेली, त्यानंतर रोज मनात घोळलेली. पण ओठांपाशी येऊन ती उंबऱ्यावर बसलेल्या मांजरासारखी बसून राहिली. आणि कुठूनतरी, किती वर्षांनी, जात्याची घरघर कानात फिरायला लागली... *नावाला गं लागं वारा.* तिला एकदम कळलं, आपण हे नाव कधीच का घेतलं नाही. भाऊ का म्हणालो नाही. सिंधुबाईंना कळलं होतं, सगळ्या केंद्राला कळलं होतं. तिलाच तेवढं आत्ता, भर सभेत, उभ्यानं कळत होतं.

समोर महिपती खाली मान घालून बसला होता. तिचं अडणं बघून त्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाटलं, हिला आपण नको आहोत.

"नाव सुचत नसंल," सर्जेराव म्हणाला, "तर दुसरं कुणी बघू. बाईंचं जेवण उरकत आलं असंल."

आतून भांड्यांचा आवाज आला. आज नाव गेलं नाही, तर दिवाळीनंतर शेळगाव. आबाजींनी सांगितलेल्या अक्षता. नाव घ्यायलाच हवं होतं. आणि नुसतं, उघडं, सर्जेरावाचं घ्यावं तसं घेतलं, तर ते तिच्या मनाशी खोटं झालं असतं.

मग आत्याच्या गावात बायका अशा वेळी काय करतात, ते तिला आठवलं. तिनं पदर नीट खांद्यावर घेतला, नजर लिंबाच्या शेंड्याला लावली, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"नीरेचं पाणी पाटाला, भीमेच्या काठी गाव,
दोन्ही केंद्रांच्या वतीनं सुचवते... महिपतराव."

मग इंदापूरच्या बाजूनं हसण्याची एक लाट आली, पाठोपाठ टाळ्या. सर्जेरावसुद्धा मान हलवत हसला. "घ्या. सभा व्हती का मांडव?"

"शांतता," मोहनराव म्हणाले. "नाव स्पष्ट ऐकू आलं. नियमाप्रमाणं आहे. अनुमोदन?"

"कवाच दिलंय," सिंधुबाई डोळे टिपत म्हणाल्या.

*

महिपती आत गेला. खिडकीशी कान लावायची कुणाची छाती नव्हती, पण त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, शांत, न अडखळणारा. "बाई, तराजूत जाताना पोर आईच्या हातनं बाईच्याच हातात येतं. बाप्याच्या हातात आई पोर देत न्हाय. बायका काढल्या तर तराजू रिकामा झुलंल. मुक्कामाला जागा आमी देतो. डब्याची खोली आमी पोरं रिकामी करतो, डबं आमच्या खोलीत ठिवतो. आमी वसरीला झोपू." दुभाष्याचा आवाज. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तराजूवर तो काळा ठिपका कसला. महिपतीनं सांगितलं. बाई मोठ्यानं हसल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "ऱ्हायल्या. हुकूम माघारी घेतला."

सिंधुबाईंनी विजयमालाच्या पाठीवर थाप मारली. विजयमालानं तराजूची झोळी उचलली आणि उगाच झटकली.

सांज कलली तसे इंदापूरचे लोक एस.टी.च्या थांब्यावर निघाले. रिकामे डबे पोचवायचं निमित्त करून तीही आली. बाकीचे पुढं जाऊन चहाच्या टपरीपाशी रेंगाळले, फार शहाणे लोक ते. गुऱ्हाळाचा गोड धूर हवेत होता. कालव्यावरून गार वारं येत होतं.

"शेळगाव," तो म्हणाला.

"हं."

"एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"मगाशी तुमी अडला... मला वाटलं, तुमाला माझं नाव नको हाय. मग घेतलंत ते तसं, गाण्यात. समदी हसली. मला काय कळंना." त्यानं डब्याची कडी हातात फिरवली. "सभा अडली व्हती म्हणून घेतलंत? संघासाठी? तसं असंल तरी माझी तक्रार न्हाय. फक्त... मला ठाऊक असावं. त्या दिवशी कालव्यावर मी सांगणार व्हतो, तुमी गेल्यावर मला कसलं सुख. जिभेवर आलं व्हतं. न्हाय बोलवलं."

लांबून गाडीचे दिवे दिसायला लागले. वळणावर ते बाभळींत लपले, पुन्हा निघाले. टपरीवरून कुणीतरी हाळी दिली, "चला ओ प्रतिनिधी."

तो वळला. गाडी येऊन थांबली तसा एक पाय पायरीवर ठेवला.

विजयमालानं त्याच्या हातातून डबा घेतला, कारण हातात काहीतरी धरायला हवं होतं. या वेळी तिनं झाडाच्या शेंड्याकडं बघितलं नाही. त्याच्याकडंच बघितलं.

"संघासाठी नुसतं महिपती चाललं असतं," ती म्हणाली. "राव माझ्या पदरचं हाय."