पडदा सुकला नाही पाहिजे

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. माझं वय अठ्ठ्याऐंशी. या वयात थापा मारून मला काय मिळवायचंय? मी सांगतोय आणि नात मोबाईलवर टाइप करतेय, एवढंच.

या पानावर सगळ्यांची भुतं अमावस्येच्या रात्री येतात. आमचं भर दुपारी आलं. रविवार, १४ जून १९३६. जागा, देऊळघाटच्या वरचं टेकाड, जिल्हा बुलढाणा.

हे पाहिलं माझ्या आईनं, कोकिळानं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. म्हणजे मी तिच्या पोटात होतो.

हे लक्षात ठेवा. शेवटी त्याचं काम पडेल.

त्या टेकाडावर तीन बंगले होते. मलकापूरकडच्या काही धनवान भागीदारांनी बांधलेले. खाली उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, म्हणून साहेब लोक, वकील, व्यापारी रेल्वेनं मलकापूरला उतरायचे आणि मोटारीनं घाट चढून वर यायचे. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत. त्याला सगळे 'सीझन' म्हणायचे. थंडी विकायचा धंदा होता तो.

पण खरं सांगू? दुपारी टेकाडही तापायचं. तिथली निम्मी थंडी वाऱ्याची होती आणि निम्मी हबीबची.

हबीब म्हणजे भिस्ती. पाठीवर चामड्याची मशक घेऊन झऱ्यावरून पाणी आणायचा. बंगल्याच्या दारा-खिडक्यांना बाहेरून वाळ्याचे पडदे लावलेले असत. त्यांवर तो पाणी मारायचा. ओल्या वाळ्यातून वारा आत आला की गारवा पसरायचा, वास सुटायचा.

आतल्यांना हबीब कधीच दिसायचा नाही. फक्त ऐकू यायचं.

छप्प...

आणि मग हळू आवाजात, "हाव जी."

काम झालं की तो एवढंच म्हणायचा. कोणी ऐको न ऐको.

माझे आजोबा किसनराव त्या बंगल्यांचे रखवालदार. कमरेला किल्ली. किल्ली कशाची, तर झऱ्याची. पूर्वी त्या झऱ्यावर अख्खं देऊळघाट पाणी भरायचं. मग भागीदारांच्या कमिटीनं ठराव केला की झरा जपला पाहिजे, लोक घाण करतात. झऱ्याभोवती भिंत आली, लोखंडी दार आलं, कुलूप आलं. झरा जपला गेला. गाव गेलं नदीच्या वाळूत झिरे उकरायला.

छत्तीसच्या आदल्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता. मे महिन्यात झिऱ्यांतून पाणी नाही, चिखल यायला लागला.

त्यातच हबीबची बायको अमीना बाळंत झाली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी अमीनाला ताप भरला.

हबीब आजोबांच्या खोलीसमोर येऊन उभा राहिला. मशक भरलेली, पाठ ओली. पायांत काही नाही.

"किसनभाऊ, एक मशक घरी नेऊ द्या. अमीनाले झिऱ्याचं पाणी उलटून राह्यलं. अंगार उठला हाय तिच्या आंगात."

"मले काऊन इचारतं बे? कमिटीचा हुकूम हाय."

"एकच मशक, भाऊ. मी रोज अशा चाळीस उचलतो."

"त्या चाळीस पडद्याच्या हायेत. घरचे रांजण कोरडे पडले तरी चालतीन, पण पडदा सुकला नाही पाह्यजे. समजलं?"

हबीबनं दाराआड पाहिलं. आत आई उभी होती. तिच्या मागं दोन रांजण, काठोकाठ भरलेले. त्याच झऱ्याचं पाणी. आजोबा रोज पहाटे कुलूप उघडून घरच्या घागरी भरून आणायचे.

आजोबांना ती नजर कळली. ते म्हणाले, "पोट्टी दोन जिवांची हाय माही. तिच्यासाठी हाय ते."

आईच्या हातात पाण्यानं भरलेला गडवा होता. हबीब चार पावलांवर उभा होता.

तिनं गडवा पुढं केला नाही.

आई पुढं पन्नास वर्षं जगली. हे वाक्य तिनं मला जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा ती रडली. "बापाची भीती वाटली रे," म्हणायची. मी समजूत घालायचो. पण मनातून मला तिचा रागच यायचा, आजही येतो.

हबीब म्हणाला, "हाव जी."

आणि पडद्यावर पाणी मारायला गेला.

अमीना सोमवारी गेली. तिची आई बिस्मिल्लाबी अमडापूरहून आली आणि लेकरू घेऊन गेली. माती देऊन हबीब दुपारी दोनला कामावर हजर. त्या दिवशीही पडदा सुकला नाही.

गुरुवारी तो झऱ्याच्या वाटेवर पडलेला सापडला. ऊन लागलं होतं. तोंड उघडं, जीभ लाकडासारखी. पाठीवरची मशक मात्र भरलेली होती.

भरलेली. पाण्याखाली मेला होता तो माणूस, आणि त्यातलं घोटभरही तो प्यायला नव्हता.

आजोबा देऊळघाटच्या कब्रस्तानापर्यंत गेले. मूठभर माती त्यांनीही टाकली. मशक आणून बंगल्यामागच्या खुंटीला अडकवली. तेव्हा हबीब मेला होता की नाही, अशी शंका कोणी काढू नये.

आता तो रविवार.

सीझन संपला होता. शेवटचे पाहुणे उतरून गेले होते. मोठ्या बंगल्यात कमिटी बसली होती. दरवर्षी बसायची. यंदाचा सीझन कसा गेला, पुढं काय करायचं. नवा भिस्ती मिळाला नव्हता. झऱ्याच्या टाक्यात पाणी तळाला गेलं होतं. पडदे सकाळपासून खडखडीत वाळलेले. आजोबा हातपंख्यानं वारा घालत होते आणि शिव्या खात होते.

उत्तमराव म्हणून मोठे जमीनदार भागीदार होते. ते उभं राहून बोलत होते.

"पाहुण्यांचे अभिप्राय वाचा. हवा उत्तम, पाणी मुबलक. पुढच्या वर्षी आणखी सहा बंगले. झऱ्यावर इंजिन बसवू, नळ फिरवू. झरा ही आपल्याकडे दिलेली ठेव आहे. तिची राखण आपणच..."

छप्प...

सगळे थांबले.

वाळ्याचा वास सुटला. दारातून गार झुळूक आली आणि टेबलावरचे कागद हलले.

उत्तमराव हसले. "बघा! हीच आपली हवा."

आजोबांचा पंखा हातातच राहिला.

कारण पडद्याच्या मागून हळूच आवाज आला होता...

"हाव जी."

रहेमतुल्ला सेठ म्हणून दुसरे भागीदार होते, मलकापूरचे सरकीवाले. ते म्हणाले, "किसनराव, बडा नेक भिस्ती है. आत बोलवा त्याले. शरबत पाजा."

आजोबा कसेबसे म्हणाले, "सेठ, भिस्ती नाही. तो गुरुवारी..."

छप्प...

पडद्यातून पाण्याचे ओघळ उंबऱ्यावर आले. फरशीवरून सरकत आजोबांच्या पायांपर्यंत.

आजोबा मागच्या दारानं बाहेर पळाले.

बाहेर कोणी नव्हतं.

पडदा निथळत होता. खालची माती मात्र कोरडी. धूळसुद्धा भिजलेली नाही. एका पावलाचाही ठसा नाही. खुंटीवर मशक तशीच, वाळून कडक झालेली. झऱ्याच्या दाराला कुलूप. किल्ली आजोबांच्याच कमरेला.

मग हे पाणी कुठून येत होतं?

तेवढ्यात आई ओरडली.

आजोबा धावत खोलीत आले. आई रांजणाजवळ उभी होती, हातात झाकण. सकाळी भरलेला रांजण रिकामा होता. सांडलेला नाही, फुटलेला नाही. तिनं आत हात घातला. तळाला ओलसुद्धा नव्हती.

तिनं दुसऱ्याचं झाकण काढलं. तो अर्धा होता.

दोघं बघत उभी राहिली. पाणी हललं नाही, बुडबुडा आला नाही. ते नुसतं खाली जात होतं... खाली... एक मशकभर.

आणि बंगल्याकडून आवाज आला.

छप्प...

"हाव जी."

आईला तेव्हा समजलं. आजोबांनाही समजलं असणार. हबीब सूड घेत नव्हता. तो हुकूम पाळत होता. घरचे रांजण कोरडे पडले तरी चालतील, असं त्याला सांगितलं होतं. कोणाच्या घरचे, ते सांगितलं नव्हतं.

आजोबा झऱ्याकडे धावले, मागोमाग आई. कुलूप काढलं, तळातलं पाणी ओरबाडून एक घागर भरली आणि आईच्या डोक्यावर दिली. सातव्या महिन्यातली बाई! पण त्यांना भान नव्हतं. आई चालू लागली.

दहा पावलं गेली आणि घागर हलकी झाली.

छप्प...

आणखी दहा पावलं. आणखी हलकी.

छप्प...

गळत नव्हती. आईच्या केसांवर थेंब नव्हता. दारात पोचली तेव्हा डोक्यावर नुसतं पितळ होतं.

आजोबा बंगल्याच्या मागं जाऊन हात जोडून ओरडले. "हबीब, बस कर बे! म्या सांगतो, सुकू दे पडदा! जाऊ दे सगळं!"

सगळं शांत झालं.

लांबून उत्तमरावांचा आवाज येत होता. ते इंजिनाबद्दल बोलत होते.

मग, आजोबांच्या अगदी कानाशी...

"कमिटीचा हुकूम हाय, भाऊ."

छप्प...

चार वाजता कमिटी उठली. सगळे खूश होते. इतकी गार बैठक कधीच झाली नव्हती म्हणे. अभिप्रायाच्या वहीत उत्तमरावांनी स्वतः लिहिलं, 'पाण्याची व्यवस्था समाधानकारक.' मग मोटारी घाट उतरून गेल्या. रहेमतुल्ला सेठ तेवढे जाताना मागं वळून पडद्याकडे पाहत राहिले. शरबताचा पेला त्यांनी उंबऱ्याजवळ ठेवला होता. आईनं उचलला तेव्हा तो भरलेलाच होता. मेल्यावरही तो प्यायला नाही.

आई दुसऱ्याच दिवशी बैलगाडीनं सासरी गेली. ऑगस्टमध्ये मी झालो.

पुढच्या एप्रिलमध्ये कुलूप काढलं तेव्हा आत झरा नव्हता. दगड होते. इंजिन आलं होतं, ते गंजून गेलं. दोन सीझनमध्ये सगळं बंद पडलं. झरा कशानं आटला, यावर भागीदारांनी म्हणे तज्ज्ञ आणला होता. गावातल्या कोणाला विचारलं नाही.

आजोबा गेले १९४४च्या मे महिन्यात, देऊळघाटात, दुपारी. आई उशाशी होती. ते पाणी मागत होते. तिनं पेल्यात तुळशीचं पान टाकलं आणि चमचा भरून ओठाला लावला.

चमचा कोरडा होता.

तिनं पुन्हा भरला. ओठाशी नेईपर्यंत पुन्हा कोरडा. पेला संपला, तांब्या संपला. पान तेवढं जिभेवर चिकटलं.

खिडकीला साधं गोणपाट होतं. उन्हासाठी लावलेलं. ते खालपर्यंत भिजून निथळत होतं आणि खोलीत वाळ्याचा वास भरला होता. त्या घरात वाळ्याची काडी नव्हती.

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, किसनराव दुष्ट होता, त्याला फळ मिळालं, विषय संपला. मलाही तसंच वाटायचं. पण उत्तमराव मऊ गादीवर, तोंडात गंगाजल घेऊन गेले. हे कोणत्या न्यायात बसतं ते मला अजून समजलेलं नाही. भूतसुद्धा गरिबाच्याच घरी पाणी शोधायला जातं.

आणि ते रांजण कोणासाठी राखले होते?

पोट्टी दोन जिवांची हाय, असं आजोबा म्हणाले होते. त्यातला दुसरा जीव मी. अमीनाच्या वाटचं पाणी मी प्यालो, जन्मायच्या आधी.

गेल्या महिन्यात नातीनं माझ्या खोलीतल्या कूलरला नवा वाळा लावला. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "आबा, किती उकडतं."

परवा दुपारी लाईट गेली. कूलर बंद, पंखा बंद. मी पडून होतो. नात बाहेर गेलेली. उशाशी पाण्याचा पेला, तिनं जाताना भरून झाकून ठेवलेला.

घशाला कोरड पडली म्हणून मी झाकण काढलं.

पेला कोरडा होता.

आणि बंद कूलरमधून गार झुळूक आली...

छप्प...

पुढचा आवाज यायच्या आधीच मी डोळे मिटले. तो "हाव जी" मला ऐकायचा नव्हता. तरी ऐकू आला.

नात तासाभरानं आली. मला हाक मारून शेजारून पाणी मागवता आलं असतं. मी मारली नाही. पाणी मागायला मला तोंड नाही.