उजवीकडे पंधरा अंश

खोटं वाटलं तर वाटू दे. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. उलट तीन वर्षं जो शब्द गाळत आलो, तोच आज घालतोय.

शनिवार होता. दुपारचे सव्वातीन. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे... ही भर दुपारची आहे.

मी कुलूपवाला. एका मोठ्या हॉस्पिटलची साडेचारशे दारं माझ्याकडे आहेत. आधी दादा बघायचा, मी त्याच्या हाताखाली होतो. आता एकटाच.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथली कुलपं साधी नाहीत. प्रत्येकाच्या पोटात एक सुटा गाभा असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा. आम्ही त्याला कोर म्हणतो. रोजच्या चावीने दार उघडतं. पण एक वेगळी चावी असते, कंट्रोल चावी. ती घालायची, उजवीकडे जेमतेम पंधरा अंश फिरवायची आणि ओढायची. अख्खा कोर हातात येतो. त्या जागी दुसरा सरकवला, की दार तेच, कुलूप तेच... चावी मात्र वेगळी. दहा सेकंदांचं काम.

आणि आधीची चावी? ती नुसती खिशात वाजवायला.

कंट्रोल चावी एकच. ज्याचं काम चालू असेल, त्याच्या गळ्यात. आणि दादाचा एक नियम होता. कोर बदलला, की दार ओढून घेण्याआधी मोठ्याने हाक मारायची. "आत कोण आहे?"

मी चेष्टा करायचो. "दादा, तळघरात फायलींना हाक मारू का?"

तो म्हणायचा, "मार ना. तुझं काय जातंय?"

तीन वर्षांपूर्वी दादा त्याच तळघरात गेला. रेकॉर्ड रूममध्ये. दोन दिवस सुट्टी होती, दार बंद झालं, आणि त्याला दमा. तिथे मोबाइलला रेंज नाही. सोमवारी सकाळी मीच त्याला शोधून काढलं.

त्याच्या मुठीत चावी होती.

सगळ्यांसमोर ती कुलपात घालून बघितली... लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली.

"घाबरला बिचारा," सगळे म्हणाले. "चावी हातात असून हातपाय गळाले."

वहिनींना ते कधीच पटलं नाही. "अंधारात नुसत्या बोटांनी कुलूप उघडणारा माणूस तो. चावी हातात होती भाऊजी. मग का नाही उघडलं हो त्यांनी?"

दर पंधरा दिवसांनी हाच प्रश्न. मी ताटात बघत बसायचो.

पुढे त्या दाराला आतून साधी मूठ बसवली. आतल्या माणसाला आता चावी लागतच नाही. आणि दादाच्या जागी त्याच्या मुलीला नोकरी मिळाली. त्याच रेकॉर्ड रूममध्ये. माझी पुतणी. बापाचं नाक आणि बापाचाच दमा घेऊन आलेली.

तर तो शनिवार.

वहिनींचा फोन आला. "पोरगी अजून आली नाही. एकला सुटते ना ती? फोन लागत नाहीये. मी हॉस्पिटलला निघालेय, तुम्ही बघा ना जरा."

मी दुसऱ्या मजल्यावर होतो. धावत तळमजल्यावरच्या ऑफिसात, तिच्या टेबलाशी गेलो. टेबलावर तिची पर्स होती. पर्समध्ये तिचा दम्याचा पंप.



शनिवारी एकनंतर तळघराचा हवेचा पंखा बंद होतो. पंप खिशात टाकून मी जिने कसे उतरलो, मला आठवत नाही.

दारावर आतून थापा पडत होत्या. हळू... फार हळू.

"काका..." तिचा श्वास पुरत नव्हता. "मूठ फिरत नाहीये. कुणीतरी... धरून ठेवलीये."

"कोण धरणार? सोबत आहे का कुणी?"

आतून नुसती धाप ऐकू आली.

मी चावी घातली. फिरेना. कंट्रोल चावी घातली. उजवीकडे पंधरा अंश. ओढली. कोर मुकाट हातात आला. आता समोर नुसतं भोक. कोर निघाला, की त्या भोकात साधा स्क्रू ड्रायव्हर घालूनही दार उघडतं. शेकडो वेळा उघडलंय.

घातला. फिरवला.

तो मागे फिरला.

अडकलेलं कुलूप दगडासारखं लागतं. हे तसं नव्हतं. मी जोर लावला, की पलीकडूनही तेवढाच जोर यायचा. मी हात ढिला केला, की तोही ढिला व्हायचा.

तेवढ्यात वहिनी पोचल्या. दारावर दोन्ही हात आपटायला लागल्या. "फोडा ना ते दार! अहो, फोडा!"

आगीलाही दाद न देणारं लोखंडी दार ते. वरून फायर ब्रिगेडला फोन गेला होता. वीस मिनिटं म्हणाले.

आतल्या थापा थांबल्या.

"पिल्ला!" वहिनी ओरडल्या. "बोल काहीतरी!"



मग त्या भोकातून खोकला आला. दोन बारीक. एक लांबलचक.

पोरीचा नव्हता.

तो खोकला मी लहानपणापासून शेजारच्या अंथरुणात ऐकलाय.

आता गाळलेला शब्द सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, त्या दाराचा कोर मी बदलला होता. तेव्हा दोन्ही बाजूंना कोर असायचे. दोन्ही बदलले. दादा मागच्या रॅकजवळ एका कपाटाचं कुलूप तपासत होता. मला माहीत नव्हतं. सकाळी आमची फालतू कारणावरून वाजली होती. मी रागात होतो. हाक मारली नाही. दार ओढलं आणि घरी गेलो. कंट्रोल चावी माझ्या गळ्यात. त्याचा पंप हत्यारांच्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर.

सोमवारी दार नव्या चावीने उघडलं. त्याला बघितलं. हात लावून बघितलं.

मग... जुने कोर परत बसवले. वीस सेकंद लागले. त्यानंतर ओरडलो.

म्हणून त्याची चावी फिरली.

मी गुडघ्यांवर बसलो. त्या भोकाला तोंड लावलं. मागे उभ्या वहिनींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोललो. "दादा, मीच केलं. कोर मी बदलला. परतही मीच लावले. पोरीला सोड रे. तिचं काय चुकलंय? मला ने."

खट्.

दार उघडलं.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे, पण श्वास चालू होता. संथ, मोजून घेतल्यासारखा. वहिनींनी तिला कवेत घेतलं. पंप दिला. पाच मिनिटांनी तिला बोलता आलं.

"काका, बाबा होते आत. पाठीवर हात ठेवून माझे श्वास मोजत होते. लहानपणी मोजायचे ना, तसे."



"मग म्हणाले, काकाला सांग... मला ठाऊक आहे ते मलाच काय सांगतोस? तुझ्या वहिनीला सांग."

वहिनी वळल्या. "काय सांगायचंय, भाऊजी?"



"काही नाही," मी म्हणालो. "घाबरलीये पोर."

या गोष्टीला दीड महिना झाला.

माझ्या घराच्या दाराला तसंच कुलूप आहे. त्या दिवसापासून रोज सकाळी त्याचा कोर पेरभर बाहेर आलेला असतो. जरासा उजवीकडे कललेला. कंट्रोल चावी माझ्या गळ्यातच असते, मी ती मुठीत धरून झोपतो. चार वेळा कोर बदलला. काही उपयोग नाही.

मूठ धरणारा आणि श्वास मोजणारा एकच होता का? मला विचारू नका. मला खरंच माहीत नाही.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी गप्पच बसलो असतो. मी तसाच माणूस आहे. पण काल पुतणी सहज म्हणाली, "काका, तळघराची ती मूठ परत जड लागतेय हो. सोमवारी येऊन बघा ना."

आज रविवार आहे.

वहिनी, या पानावरच्या भुताच्या गोष्टी तुम्ही मोबाइलवर रोज वाचता. ही वाचाल तेव्हा ओळखालच. तो घाबरला नव्हता. त्याचे हातपाय गळाले नव्हते. दोन दिवस तो ती चावी फिरवत राहिला असेल, आणि ती फिरणारच नव्हती. तुम्ही तीन वर्षं विचारताय, त्याचं उत्तर एवढंच आहे.

पोरीला उद्या कामावर पाठवू नका.

दाराकडे पाठ करून लिहितोय. आत्ता मागे खट् झालं... कोर आत बसताना असाच वाजतो.

बाहेर निघतानाही असाच वाजतो.

वळून बघायचं धाडस होत नाहीये.