शून्य नंबरचा बँड

फोन घ्यायला आलेली माणसं आधी रंग बघतात, मग कॅमेरा, मग त्या कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा. बँड कोणीही बघत नाही. ते बघायला मी होते.

दुकान माझ्या आतेभावाचं. मी त्याला दादा म्हणायची आणि तो मला ‘तपासनीस बाई’. आमच्याकडे परदेशातून आलेले, थोडेफार वापरलेले फोन मिळायचे. दिसायला नवेकोरे, पण प्रत्येक फोन प्रत्येक देशात चालतोच असं नाही. टॉवर ठरावीक लहरींवर बोलतात. लहरींच्या त्या पट्ट्याला बँड म्हणतात आणि दर बँडला एक नंबर असतो. फोनला तो बँड कळला तर नेटवर्क, नाहीतर हातात नुसती चकचकीत काच. आमच्या भागातल्या टॉवरांचे पाच नंबर मी एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरमागे चिकटवले होते. फोनच्या छुप्या मेनूत शिरायचं, सगळे बँड बंद करायचे, मग एकेक चालू करून सिग्नलच्या दांड्या बघायच्या. पाचही होईपर्यंत मी कोणालाही ‘घ्या’ म्हणत नसे. दादा वैतागायचा, पण माझ्या हातून गेलेला एकही फोन परत आला नव्हता, त्यामुळे त्याला बोलायला तोंड नव्हतं.

एक चूक मात्र मी रोज करायची. दुकानाचं तपासणीचं सिमकार्ड घालून-काढून इतकं झिजलं होतं की दहादा पुसावं तेव्हा एकदा लागायचं. म्हणून मी सरळ माझं कार्ड काढून घालायची. या धंद्यातले सगळेच असं करतात.

घरी आम्ही दोघीच, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक. तिला मी चिमणी म्हणते. शाळा सुटली की ती सव्वाचारला घरी पोचायची, स्वतः कुलूप उघडायची आणि बटणांच्या जुन्या फोनवरून मला फोन करायची. “आई, पोचले.” मी म्हणायची, “कडी लाव.” बस, एवढंच. पण ते ऐकेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा आणि तोवर दुकानात आग लागली तरी मी हलले नसते.

त्या दुपारी दोनच्या सुमाराला एक निवृत्त शिक्षिका आल्या. मागच्या खेपेला मुलाने परदेशातून पाठवलेला फोन इथे चाललाच नव्हता, म्हणून या वेळी त्यांनी कानाला खडा लावला होता.

“आधी तपासा, मग मी पिशवी उघडेन,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “गोड बोलून गळ्यात मारू नका.”

“बाई, आमची तपासनीस तुमच्याहून खडूस आहे,” दादा म्हणाला.

त्यांनी निवडलेला फोन काळा होता, जरासा जड. मी माझं कार्ड त्यात घातलं आणि मेनू उघडला. बँडची यादी आली. आमच्या पाचांपैकी चार होते. यादीच्या तळाशी आणखी एक होता. शून्य.

शून्य नंबरचा बँड नसतो. एकापासून सुरुवात होते. प्रोग्राममध्ये काहीतरी राहिलं असेल असं मला वाटलं आणि मी नेहमीप्रमाणे एकेक बँड चालू करत गेले. पहिल्यावर सेवा नाही. दुसऱ्यावर नाही. चारही झाले, दांडी एकही नाही. फोन बाद होता. मी तसं सांगून मोकळी व्हायला हवी होती. पण यादीतला एक नंबर तपासायचा राहिला होता आणि अर्धवट काम मला खपत नाही.

मी शून्य चालू केला.

दांड्या पूर्ण भरल्या. एरवी त्याला पाच-दहा सेकंद तरी लागतात. कंपनीचं नाव येतं ती जागा कोरीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आमच्या घरचा नंबर होता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वीस.

शाळेतून लवकर सोडलं? पडली? ताप आला?

“आई, पोचले,” चिमणी म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून, तिच्या मागून, एका बाईचा आवाज आला. “कडी लाव.”

तो आवाज माझा होता. स्वतःचा आवाज फोनवर ऐकायची मला सवय आहे. दिवसातून वीसदा मी माइक तपासते. चुकणं शक्यच नव्हतं.

फोन कट झाला. मी घाईघाईने कार्ड काढलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. सेवा नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला. सेवा नाही. याचं कारण मी गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलं आहे. एक कार्ड एका वेळी एकाच टॉवरकडे हजर असतं. दुसरीकडे हजेरी लागली की इथली पुसली जाते.

“दादा, तुझा फोन दे जरा,” मी म्हणाले.

दादा समोरच्या मांडणीतली कव्हरं लावत होता. तो लावत राहिला.

“दादा!”

“अहो,” शिक्षिका त्याला म्हणाल्या, “त्या कुठे गेल्या?”

दादाने वळून काउंटरकडे पाहिलं. माझ्याकडे, आणि माझ्या मागच्या पुठ्ठ्याकडे. “आत्ता तर इथे होती. फोन घेऊनच गेली वाटतं. येईल हो दोन मिनिटांत.”

मी काउंटरवर हात आपटला. आवाज झाला नाही. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. मी काउंटरला वळसा घालून दाराकडे धावले. ढकलून उघडायचं साधं काचेचं दार. मी ढकललं. ते जड नव्हतं, अडकलंही नव्हतं. माझा जोर त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

दोन मिनिटं झाली. पंधरा झाली. शिक्षिका कंटाळून उठल्या आणि दार उघडून निघाल्या. मी त्यांना चिकटून बाहेर पडले. पायरी उतरले, रस्त्यावरचं ऊन डोळ्यांत गेलं, आणि पुढचं पाऊल पडलं ते काउंटरच्या मागे. काळा फोन समोर होता. मी कार्ड काढून घेतलं होतं, तरी दांड्या भरलेल्या होत्या.

येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांमागून तीनदा प्रयत्न केला. तीनदा काउंटर.

सव्वाचार वाजले. चिमणी आता कुलूप उघडत असेल. आत कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. मला रडू फुटलं. मी काळा फोन उचलला आणि घरचा नंबर लावला.

“हॅलो?”

“चिमणे, मी आई. तिथून बाहेर पड. शेजारी जा.”

ती तोंड बाजूला करून म्हणाली, “आई, परत त्याच बाई आहेत.”

परत? मी तर आत्ता पहिल्यांदाच केला होता.

फोन या हातातून त्या हातात गेला. मग माझाच आवाज आला, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा, शांत.

“ताई, पोरगी घाबरते. फोन नका करू.”

“कोण आहेस तू? माझ्या घरात काय करतेस?”



“सुरुवातीला मीपण रोज करायचे,” ती म्हणाली. “हळूहळू सुटतं.”

तिने फोन कुठेतरी ठेवला, पण बंद केला नाही. मला सगळं ऐकू येत होतं. दप्तराची चेन उघडली. नळ सुरू झाला, बंद झाला. चिमणी शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि ती बाई हसत होती, बरोबर तिथेच जिथे मी हसले असते.

मी ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. दादा मांडणीतली कव्हरं लावत होता.

“ये, वेणी घालते,” ती म्हणाली.

खुर्ची सरकली. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त कंगव्याचा आवाज.

“आई,” चिमणी म्हणाली, “तुझे हात एवढे गार कसे?”

“आत्ताच आले ना मी बाहेरून.”