खर्जाचा मणी

मिरजेत आता जनावराला काय होतंय हे कुणी अंदाजानं ठरवत नव्हतं. गाय असो, कुत्रा असो, मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा वेदनामणी असायचा आणि कितपत दुखतंय ते घरच्या माणसाच्या हातातल्या छोट्या यंत्रावर दिसायचं. दिनकर लोंढ्यांनी मात्र आपल्या मांजरीला मणी बसवू दिला नव्हता. लोंढे तंबोरे करणारे. हट्टी इतके, की बायको होती तोवर तीच काय ती त्यांना वळवू शकायची. ती गेल्यावर घरात ते आणि मांजर. तंबोऱ्याच्या सगळ्यात खालच्या तारेसारखी घुमते म्हणून तिचं नाव खर्जा.

दिवेलागणीला लोंढे तंबोरा छेडत बसले की खर्जा यायची, मांडीवर चढायची, मागची बाजू तंबोऱ्याच्या घुमणाऱ्या भोपळ्याला टेकवायची आणि गुरगुरायला लागायची. "माझ्यावाचून तिला करमत नाही," हे लोंढे येईल त्याला सांगायचे. ऐकून ऐकून गल्लीला ते पाठ झालं होतं.

पण उन्हाळ्यात ती गुरगुर बदलली. सूर उतरला, मध्येच तुटायला लागला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण लोंढ्यांच्या कानातून ते सुटणार थोडंच. छातीत कफ असेल म्हणून त्यांनी चार दिवस मनाची समजूत घातली. शेवटी हट्ट गुंडाळून ठेवला आणि खर्जाला टोपलीत घालून डॉक्टर मृणाल आवटींकडे नेलं. मणी ज्यांनी शोधला त्यांच्यातल्याच या बाई, आणि गावातली जनावरंही त्याच बघायच्या.

"काका, मणी बसवते. आठवडाभर त्याला दुखणं नुसतं मोजू दे," त्या म्हणाल्या. "थांबवायचं नंतर बघू."

"थांबवायचं म्हणजे?"

"दुखणं म्हणजे शरीरानं मेंदूला धाडलेला निरोप. मणी तो मोजतो आणि सांगितलं तर वाटेतच अडवतो. किती अडवायचा ते या यंत्रावरची चकती ठरवते. वर नेली की दुखणं कमी, खाली आणली की जास्त. आता तर माणसांनाही बसवतायत."

आठवड्यानं डॉक्टरांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. दिवसभर बेताची, आणि रोज संध्याकाळी उभी चढलेली.

"मागच्या पायांचे सांधे झिजलेत, काका. ते काही पुन्हा भरून येत नाहीत. संध्याकाळी फार ठणकतात तिला."

लोंढे रेघेकडे बघत राहिले. "या वेळेला तर ती माझ्या मांडीवर असते. गुरगुरत असते."

डॉक्टरांनी पडदा बाजूला वळवला. "मांजर सुखात असली की गुरगुरते, तशी दुखत असलं तरी गुरगुरते. त्या थरथरीनं तिला आराम पडतो. तुमच्या भोपळ्याची थरथरही तिला मिळत असणार."

"म्हणजे माझ्यासाठी येत नव्हती."

"तसं मी म्हटलं नाही."

"पण तसंच आहे ना?"

डॉक्टरांनी चकती वर सरकवली आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. दुखणं वाढलंय का हे कळायला अधूनमधून चकती जरा खाली आणून बघा, लगेच वर न्या, एवढं बजावून सांगितलं.

खर्जा पार बदलून गेली. भिंतीवर काय चढते, शेजारच्या कौलांवर काय हुंदडते. लोंढ्यांना खरंच आनंद झाला. गल्लीत सांगत सुटले. संध्याकाळी तंबोरा घेऊन बसले. खर्जानं भिंतीवरून त्यांच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि पलीकडे उडी मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी मासळीची वाटी ठेवली. ती आली, वाटी चाटून पुसून निघून गेली. लोंढ्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

एका संध्याकाळी त्यांनी चकती जराशी खाली आणली. तपासायलाच तर सांगितलंय, असं स्वतःशी पुटपुटले. थोड्या वेळानं खर्जा भिंतीवरून जपून उतरली, मागचे पाय ओढत आली आणि मांडीवर चढून भोपळ्याला टेकली. घर पुन्हा भरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तपासलं. तिसऱ्या दिवसापासून तपासतोय असं म्हणायचंही सोडून दिलं.

पण चकती हलली की दवाखान्यात कळायचं. पावसाळा सरता सरता डॉक्टर स्वतःच घरी आल्या. दिवेलागणीची वेळ, खर्जा मांडीवर. लोंढ्यांनी चकती वर नेली. गुरगुर हळूहळू थांबली. खर्जानं अंग ताणलं आणि मागे वळूनही न बघता ती निघून गेली.

"बोला काय बोलायचं ते," लोंढे म्हणाले. "मी वाईट माणूस आहे."

डॉक्टर समोर पाटावर बसल्या. "आईच्या गुडघ्यांसाठी मीच मणी बसवायला लावला, काका. ती नाशकात एकटी असते. आधी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. गुडघ्यांचं रडगाणं, मग शेजारणीचं, मग मी जेवले का. मणी बसला आणि फोन थांबले. आता हिंडते, भिशीला जाते."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं." त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "तिला ते यंत्र जमत नाही. तिची चकती माझ्याकडे असते. इथून फिरवली तरी चालते."

लोंढ्यांनी पर्सकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बाहेर कौलांवर खर्जाची धावपळ चालली होती. पर्समधला फोन वाजायला लागला. डॉक्टरांनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"हं, आई," त्या म्हणाल्या. "आज गुडघे फार ठणकतायत का गं? बोल ना. मला वेळ आहे."